एक दिवस कमी ठेवलेली नोटीस

दादा, तुझ्या शोकसभेचं इतिवृत्त शोकसभेच्या तीन दिवस आधीच माझ्या टेबलावर आलं. अध्यक्षांच्या ऑफिसातून टाइप होऊन, खाली सहीला जागा सोडून. ‘मंडळाचे संस्थापक कै. गुरुनाथ पाटील यांना सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली. मंडळाच्या चिटणीस कुंदा पाटील यांना आठवणी सांगताना गहिवरून आले.’ म्हणजे मी कधी रडायचं तेसुद्धा ठरलेलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात, चहापानाच्या आधी.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. ‘भिवंडीत मिनिट्स आधी, मीटिंग नंतर’ हे तुझंच वाक्य. आपल्याकडे कंपन्यांच्या सभा कशा होतात ते तू मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतंस. एक कारकून स्कूटरवर रजिस्टर घेऊन फिरतो. एका डायरेक्टरची सही जेवणाच्या टेबलावर, दुसऱ्याची गोदामाच्या दारात, तिसऱ्याची त्याच्या बायकोनेच ठोकलेली. झाली सभा. ठराव सर्वानुमते मंजूर. हे मोडायचं म्हणून तू आयुष्य घातलंस, आणि तुझी स्वतःची शोकसभा तशीच उरकायची तयारी झाली होती.

मी हे तुझे गुण गायला लिहीत नाही. गुण गाणाऱ्यांची रांग लागली आहे आणि तिच्यात सगळ्यात पुढे तेच उभे आहेत ज्यांनी तुला संपवलं. मी सूड घेतला, तो तुला सांगायचा आहे. शिवाय तुझ्यावरही माझा राग आहे, तोही सांगायचा आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तू भांडू दिलं नाहीस, मग मी भांडायचं कधी?

आपण दोघं शेलार गावचे, सख्खे चुलत. तू माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा आणि आपल्या गावातला पहिला कंपनी सेक्रेटरी. तुझं बघून मी त्या परीक्षांना बसले तेव्हा आईला वाटलं, पोरगी कुठल्यातरी साहेबाची पत्रं टाइप करायला निघाली. तू ओटीवर बसून तिला समजावलंस, “काकी, तसा न्हाय. कंपनीत काय ठरलं ते खरं लिवायचं, आन् लिवलंय तसं मालकाला वागायला लावायचं. येवढंच काम हाय.” आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मंग तुला कामाला ठेवल कोन?” तू खो खो हसलास. मीही हसले. आईला आपलं काम पहिल्या फटक्यात कळलं होतं, आणि आपल्याला ते कळायला पुढची कितीतरी वर्षं लागली.

मंडळ तू काढलंस तेव्हा आपण सात जण होतो. निजामपुऱ्यात रंगाच्या दुकानावरची खोली, सात खुर्च्या, एक पंखा. नाव ठेवलं ‘सुशासन अभ्यास मंडळ’. कंपन्या नियमाने चालाव्यात, ठरलेलं लिहिलं जावं, लिहिलेलं पाळलं जावं, मालकाला प्रश्न विचारता यावा, यासाठीचं मंडळ. खालचा दुकानदार दरवर्षी विचारायचा, “गणपती कब बिठाते?” आणि तू त्याला दरवर्षी शांतपणे समजावून सांगायचास. चारी बाजूंनी कापडाच्या लूमची, यंत्रमागांची खडखड, म्हणून आपल्या सभा ओरडून चालायच्या. भारनियमनात वीज गेली की लूम एकदम गप्प व्हायचे आणि आपण मात्र सवयीने ओरडतच राहायचो. एकदा तू असाच ओरडून म्हणालास, “नागवेकर, तुम्ही झोपलाय!” आणि ते खालच्या गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मंडळाची घटना तू हाताने लिहिलीस. त्यातला नववा नियम माझ्या हाडीमाशी मुरला आहे. कुठल्याही सदस्याला काढायचं तर सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी पोस्टात पडली पाहिजे. पडली नसेल तर तो ठराव झालाच नाही असं समजावं, मग चूक कुणीही, कधीही दाखवो. पूर्ण दिवस कसे मोजायचे ते तू मला बोटांवर शिकवलंस. टाकल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही, मधले चौदा भरले पाहिजेत. “शनिवारी टाकली, सभा पुढच्याच्या पुढच्या शनिवारी. किती झाले?” मी म्हटलं चौदा. “बस खाली,” म्हणालास. मी पुन्हा मोजले. तेरा. कुणालाही ते चौदाच वाटतात. आपल्या धंद्यातल्या माणसाला वाटता कामा नयेत. तू मला ते इतक्या वेळा घोटवलंस की अजूनही कॅलेंडर समोर आलं की माझी दोन बोटं आपोआप दुमडतात.

आपलं मोठं भांडण झालं ते अकलोलीला. मंडळाची सहल गेली होती आणि आपण गरम पाण्याच्या कुंडाच्या पायरीवर पाय सोडून बसलो होतो. मी नवी होते, डोक्यात नियमांचं वारं होतं. मी म्हटलं, समोरच्याची नोटीस एक दिवस कमी निघाली की त्याला तिथेच आडवा पाडायचा. तू म्हणालास, “कुंदे, नियम कुंपणासाठी हाय. काठीसाठी न्हाय. मानूस खरा हाय म्हनून सुटला पायजे, समोरचा चुकला म्हनून नको.” मी म्हटलं, सुटणं महत्त्वाचं, कसं सुटला ते कोण विचारतं? पाण्याने तळपाय लाल झाले तरी दोघांपैकी कुणी माघार घेईना. शेवटी वहिनी येऊन ओरडली, “अरं, उकडून निघाल दोघं!” ते भांडण अर्धंच राहिलं. पुढे मला वाटत राहिलं की तू ते माझ्याविरुद्ध जिंकून दाखवलंस, आणि त्याची किंमत आपण दोघांनी मोजली.

आता अध्यक्षांबद्दल. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते छापून आलेलं त्यांना फार आवडतं, म्हणून तर नाहीच लिहिणार. सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायचा, त्यांचा मोठा कारखाना. त्या कंपनीचा सेक्रेटरी तू, आणि मंडळाचे अध्यक्ष ते. तूच त्यांना मंडळात आणलंस. मालकच सुशासनाचं बोलायला लागले तर बाकीचे ऐकतील, असं तुला वाटलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की उंदरांच्या सभेला मांजर अध्यक्ष नेमू नये. तू माझ्यावर डाफरलास. हे मी उगाळते आहे कारण मला हक्क आहे.

त्या कारखान्यात बॉयलरवर इस्माईलभाई होते. उत्तरेकडून तरुणपणी आले आणि बॉयलरपाशीच म्हातारे झाले. त्यांनी तुला सांगितलं की सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो, कधीतरी उडेल. तू ते बोर्डाच्या सभेत ठेवलंस, आणि सभेत जे ठरलं ते जसंच्या तसं लिहिलंस. बॉयलर अटेंडंटने व्हॉल्व्ह अडकत असल्याचं कळवलं आहे, परंतु सीझनमध्ये बॉयलर बंद ठेवता येणार नाही, काम दिवाळीनंतर करावं. अध्यक्षांनी ते न वाचता सही केली. त्यांच्या लेखी मिनिट्स म्हणजे सही करायची जागा. दिवाळीच्या आधीच वाफेचा पाइप फुटला. इस्माईलभाईंचा उजवा डोळा गेला, उजवा हात कोपरापर्यंत भाजून आखडला. आणि कंपनीने सांगितलं, ड्युटीवर झोपला होता.

अध्यक्ष तुला म्हणाले, ते पान बदल. त्यात काय एवढं, सुटी पानं तर आहेत, एक काढायचं, एक घालायचं. तू नाही म्हणालास. तपासाला आलेल्या सरकारी माणसाने विचारलं तेव्हा तू त्या पानाची नक्कल दिलीस. बस, एवढाच तुझा गुन्हा. मग पान बदललंच गेलं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून. आणि कंपनी म्हणायला लागली की गुरुनाथ पाटलांची नक्कलच खोटी आहे. पण कुणाचं खरं मानायचं, तुझं की त्यांचं? त्यासाठी त्यांना मंडळ हवं होतं. सुशासनाच्या मंडळानेच ज्याला गैरवर्तनासाठी काढून टाकलं, त्याच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार? चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या मारायला आपलीच खोली.

तुला काढायच्या सभेची नोटीस माझ्याकडे आली. मी तेव्हा सहचिटणीस होते. गुरुवारी दुपारी अध्यक्षांनी पाकिटं दिली आणि म्हणाले, “उद्या टाका. दिवस बरोबर भरतायत, मी मोजलेत.” शुक्रवारी टाकली असती तर खरंच भरत होते. शुक्रवारी निजामपुरा बंद असतो, लूम बंद, दुकानं बंद, पण पोस्ट चालू असतं. मी पोस्टाच्या दारापर्यंत गेले. पाकिटं पर्समध्ये होती. तशीच घरी आले. शनिवारी सकाळी टाकली, यूपीसी करून, म्हणजे टाकल्याच्या दाखल्यावर पोस्टाचा गोल शिक्का मारून घेतला आणि ती पावती फाइलला लावली. शनिवार ते पुढच्याच्या पुढचा शनिवार. तेरा.

मी ते मुद्दाम केलं, दादा. उघड बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. माझ्या हातात तेव्हा ज्या तीन कंपन्यांचं काम होतं त्या तिन्ही अध्यक्षांच्या गोतावळ्यातल्या होत्या. म्हणून मी तुझ्यासाठी मागचं दार उघडं ठेवलं. मला खात्री होती, पाकीट हातात पडल्या पडल्या तू शिक्का बघशील, दोन बोटं दुमडशील, आणि सभेत उभा राहून एवढंच म्हणशील की अध्यक्ष महाराज, ही नोटीस एक दिवस कमी आहे.

सभेत तू पाकीट घेऊनच आलास. मी पाहिलं, तू शिक्क्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ. आणि काही न बोलता पाकीट घडी करून खिशात घातलंस. अध्यक्षांनी ठराव वाचला. पहिला हात नागवेकरांनी वर केला. माझा हात वर गेला नाही, असं मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितलं. खरं म्हणजे मी इतिवृत्त लिहीत होते, माझे दोन्ही हात गुंतलेले होते. तू उठलास, खुर्ची नीट आत सरकवलीस, सगळ्यांना नमस्कार केलास. वीज गेली होती. तुझ्या चपलांचा आवाज जिन्यावर शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

आठवड्याने तुझं पत्र आलं. मूळ पानावरचा मजकूर शब्द न् शब्द, खाली इस्माईलभाईंचं म्हणणं, खाली तुझी सही. मंडळाच्या नियमाप्रमाणे सदस्याचं पत्र पुढच्या सभेत वाचलंच पाहिजे. अध्यक्ष म्हणाले, “आता ते सदस्य कुठे आहेत? फाइल करा.” मी फाइल केलं. फाइल करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्यानंतर आपण तीन वर्षं नीट बोललो नाही. लग्नात, बारशाला, हळदीला भेटायचो, “बरी हाय का?” “हाय.” एवढंच. मी मनात म्हणायची, मी दार उघडलं होतं, तुला तुझं तत्त्व प्यारं झालं. समोरच्याच्या चुकीवर सुटायचं नाही म्हणे! अकलोलीच्या पायरीवरचा हट्ट तू सभेत पुरा केलास आणि इस्माईलभाईंना वाऱ्यावर सोडलंस. तू तोंड उघडलं असतंस तर मी उभी राहिले असते, हे मी इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं. तू मात्र कंपनीचं काम सुटल्यावर गावातल्या पोरांना घरी बसवून कॉमर्स शिकवत राहिलास. तुझ्या घरासमोरच्या भातशेतात गोदाम उभं राहिलं, ट्रक लागायला लागले, आणि तू ओटीवर बसून डेबिट क्रेडिट समजावत होतास. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्या रस्त्याने यायचंच टाळलं.

मग तू गेलास. सकाळी चहा घेता घेता. निरोप आला तेव्हा मी अध्यक्षांच्याच एका कंपनीची वार्षिक सभा लिहीत होते. वाक्य पुरं केलं आणि उठले. वाक्य का पुरं केलं, याची मला अजून लाज वाटते.

दहाव्याला अध्यक्ष आले, पांढरेशुभ्र कपडे घालून. वहिनीसमोर हात जोडले. आणि बाहेर मांडवात मला म्हणाले की मंडळाने तुझ्या नावाने सुशासन पुरस्कार द्यायचं ठरवलं आहे, शोकसभेतच जाहीर करू. पहिला मान कुणाला, तर त्यांच्याच कंपनीला. शिवाय पुरस्कार वहिनीच्या हस्ते. “फोटो चांगला येईल,” असंही म्हणाले. दादा, माणसाला मारून त्याच्याच तिरडीच्या बांबूला आपला झेंडा लावायचा, हे मी ऐकलं नव्हतं. त्या क्षणी माझी भीती गेली. चांगुलपणा वगैरे काही माझ्यात जागा झाला नाही. मला फक्त त्या माणसाचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

सभा रविवारी दुपारी, आपल्याच खोलीत. तुझा फोटो ठेवला होता, कुठल्यातरी सहलीच्या फोटोतून कापलेला. खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिला होता. सदस्य नऊ जण. वहिनी पुढच्या खुर्चीवर. शेवटच्या खुर्चीवर इस्माईलभाई, कारण त्यांना मी बोलावलं होतं. अध्यक्ष लूमच्या आवाजावर ओरडून बोलत होते, “गुरुनाथ म्हणजे आमच्या मंडळाचा आत्मा!” आणि नेमकी वीज गेली. खडखड थांबली. ‘आत्मा’ एकटाच खोलीभर घुमला. नागवेकर दचकून जागे झाले.

गहिवरून यायची माझी वेळ आली. मी उठले आणि म्हटलं, “गुरुनाथ पाटील शेवटपर्यंत या मंडळाचे सदस्य होते. त्यांचं एक पत्र वाचायचं राहिलं आहे. ते मी वाचते.”

“कुंदाताई, आज काय दिवस आहे, तुम्ही काय काढताय?” अध्यक्ष हसत म्हणाले. “आणि सदस्य कसले? त्यांना आपण काढलं होतं.”

फोटोला हार घालून पाच मिनिटं झाली नव्हती. मग वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शांतपणे विचारलं, “काढलं व्हतं ना? मंग काढलेल्या मान्साच्या नावानं बक्षीस कसं काय देता, शेठ?”

मला आयुष्यात कुठल्या वकिलाने इतकं सुख दिलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. काढलं म्हणावं तर पुरस्कार बुडाला, काढलं नाही म्हणावं तर पत्र वाचावं लागणार. अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, ते टेक्निकल आहे.”

“टेक्निकलच सांगते,” मी म्हटलं. फाइल उघडली, यूपीसीची पावती सगळ्यांना दाखवली आणि बोटांवर मोजून दाखवले. तेरा. “नवव्या नियमाप्रमाणे तो ठराव झालाच नव्हता. पाकिटं शुक्रवारी टाकायची होती. मी शनिवारी टाकली. मुद्दाम.”

“म्हणजे दोष तुमचा!”

“हो, माझा. तसंच लिहिते.” आणि त्यांच्यासमोर लिहिलं. त्यांचं तोंड उतरलं, दादा. मी डोळे भरून बघितलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

पत्र वाचायला लागले तसे अध्यक्ष उठले. त्यांच्या मागे तिघे उठले. सभा मोडायची ही जुनी युक्ती, माणसं उठवायची म्हणजे गणपूर्ती जाते. पाच लागतात. मी मोजले. मला धरून पाच. पाचवे नागवेकर. त्यांनी जिन्याकडे बघितलं, अर्धे उठले, मग तुझ्या फोटोकडे बघितलं आणि परत बसले. “मी बसतो अध्यक्षांच्या जागी,” ते पुटपुटले. “तेव्हा पहिला हात माझाच होता.” मी त्यांनाही माफ केलेलं नाही. पण त्यांची सही घेतली.

वीज नव्हती म्हणून तुझं पत्र खालच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं. मी सावकाश वाचलं, प्रत्येक शब्द. व्हॉल्व्ह अडकतो असं सांगितलं होतं. दिवाळीनंतर बघू असं ठरलं होतं. संपल्यावर इस्माईलभाई उठले. चांगल्या हाताने त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती.

“मैं सोया नहीं था,” ते म्हणाले. “गुरुनाथ साब ने जो लिखा, वही हुआ था. बस, यही लिख दो.”

लिहिलं. नागवेकरांनी सही केली. मी पान उलटून कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली, मागून कुणी काही घुसवू नये म्हणून. पुरस्काराला वहिनीने नकार दिला, तोही लिहिला. कोर्टात या कागदाची किंमत शून्य आहे हे मला माहीत आहे. इस्माईलभाईंचा डोळा येणार नाही. तरी त्यांच्या नावापुढे ‘झोपला होता’ एवढंच राहणार नाही, आणि तुझ्या नावापुढे ‘गैरवर्तन’. दुसऱ्या दिवशी माझ्या तिन्ही कंपन्यांचं काम सुटलं. आईचं म्हणणं खरं झालं, एवढंच.

सभेनंतर मी वहिनीला रिक्षाने शेलारला सोडायला निघाले. मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. नाक्यावर रिक्षा अडकली तेव्हा वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला.

“कुंदे, तो दिवस तू खरंच मुद्दाम कमी ठेवला व्हतास?”

“हो, वहिनी. त्याने बोलावं म्हणून.”

“ह्यांला तसं न्हाय वाटलं ग.” ती रस्त्याकडे बघत बोलत होती. “त्या दिवशी आले, चप्पल पन काढली न्हाय. म्हनले, कुंदीनं दिवस मोजायला चूक केली. मी बोललो असतो तर सुटलो असतो, पन सगल्यांच्या म्होरं पोरीचं नाव गेलं असतं. नवी हाय अजून, धंद्यात कोन उभी करनार न्हाय तिला. म्हनले, मी भायेर राहीन, माझं काय. ती मदी राहू दे.”

मी विचारलं, “मग मला कधी बोलला का नाही?”

“तुला लाज वाटंल म्हनून.”

रिक्षा सुरू झाली. सभेसाठी टाइप करून ठेवलेलं रडू मला तिथे, ट्रकच्या रांगेत आलं.

अध्यक्षांवरचा राग माझ्याकडे शाबूत आहे आणि तो मी मरेपर्यंत सांभाळणार आहे. त्यांना मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत पाडणार आहे, तेही नियमाने, दिवस मोजून. पण तुझ्यावर तीन वर्षं धरलेला राग आता कुठे ठेवू, ते तूच सांग. तू माझी चूक झाकत बसलास, मी तुझी सुटका करत बसले, दोघांनी तोंड उघडलं नाही, आणि मधल्या मध्ये एक म्हातारा माणूस झोपाळू ठरला. याला तू जबाबदार आहेस आणि मीही आहे, आणि हे मी तुझ्या फोटोसमोर नरम आवाजात म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मात्र तुला ऐकावीच लागेल, कारण ती मनात घेऊन तू गेलास आणि ती खोटी आहे. मी चुकले नव्हते, दादा. मला दिवस मोजता येतात. तू नीट शिकवलं होतंस.